मोहतसीबाचा अधिकार आणि घराचा उंबरठा



शेजाऱ्याने रोजा ठेवला की नाही, अमक्याचा मुलगा नमाज पढतो की नाही, याची चौकशी करण्याचा अधिकार कोणाला? आपल्या मोहल्ल्यात हा प्रश्न अधूनमधून निघतो आणि बहुधा आवाज चढवूनच त्याचे उत्तर दिले जाते. वास्तविक आपल्या धर्मशास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने विचार सुमारे हजार वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. तो वाचण्याचे कष्ट आपण घेत नाही, इतकेच.

चांगल्याचा आदेश द्यावा आणि वाइटापासून परावृत्त करावे, हे कर्तव्य कुराण शरीफने सांगितले आहे. त्याविषयी दुमत नाही. अब्बासी खलिफांच्या काळात या कामासाठी सरकारी अधिकारी नेमला जाई, त्याला मोहतसीब म्हणत. त्याचा बराचसा वेळ बाजारात जाई. वजने-मापे खरी आहेत का, मालात भेसळ आहे का, जनावरावर झेपेल त्याहून अधिक ओझे लादले आहे का, हे तो पाही. भर रस्त्यात कोणी दारू पिऊन धिंगाणा घातला तर त्यालाही तो धरी. पण घराच्या आत काय?

काझी अल् मावर्दी (मृत्यू १०५८) यांच्या राज्यकारभारावरील प्रसिद्ध ग्रंथात मोहतसीबावर स्वतंत्र प्रकरण आहे. ते स्पष्ट सांगतात की, जे उघड झालेले नाही ते हुडकून काढण्यासाठी हेरगिरी करू नये. एखाद्या घरातून गाण्या-बजावण्याचा आवाज बाहेर आला तरी मोहतसीबाने बाहेरूनच समज द्यावी, आत शिरू नये. अपवाद आहे तो मागाहून भरून न येणाऱ्या अनर्थाचा. आत कोणाचा खून होत आहे अशी विश्वासू माणसाने खबर दिली, तर मात्र थांबू नये.

हा नियम मावर्दींनी स्वतःच्या मनाने काढलेला नव्हे. सुरह हुजुरातमध्ये इतरांच्या पाळतीवर राहण्याची सरळ मनाई आहे. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या’मध्ये हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक कथा दिली आहे. खलिफा उमर एका माणसाच्या घराची भिंत चढून आत डोकावले. तो नको त्या स्थितीत सापडला. खलिफा रागावले, तेव्हा तो म्हणाला की, माझ्या हातून एक गुन्हा झाला असेल, तर आपल्या हातून तीन झाले आहेत. अल्लाहने पाळत ठेवण्यास मना केले, आपण ठेवली. घरात दारातून यावे असे सांगितले, आपण भिंतीवरून आलात. परवानगी घेऊन व सलाम करून आत यावे असे सांगितले, तेही आपण केले नाही. उमर (रजि.) यांनी त्याला तौबा करण्यास सांगून सोडून दिले. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्यांच्या करारीपणाची आपण उदाहरणे देतो, त्याच खलिफांविषयीची ही कथा गझालींसारख्या इमामांनी मोहतसीबाला धडा म्हणून लिहिली आहे.

दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी (१२९६ ते १३१६) यालाही हा उंबरठा शेवटी मानावा लागला. त्याने दारूबंदी केली ती बंडाच्या भीतीने, धर्मासाठी नव्हे, असे बरनीच्या इतिहासावरून दिसते. बंदी मोडणाऱ्यांना कोंडण्यासाठी त्याने खड्डे खणविले. तरी लोक चोरून पीतच राहिले. मग त्याने सूट दिली की, विक्री न करता, मैफल न भरवता, कोणी आपल्या घरी प्याला तर हेरांनी त्याच्या वाटेस जाऊ नये.

येथवर आचरणाची गोष्ट झाली. पण योग्य काय नि अयोग्य काय, हे कोणाच्या अर्थाने ठरवायचे? आपले कोकणी बांधव शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. एकाच सफेत एकजण ‘आमीन’ मोठ्याने म्हणतो, दुसरा मनात. एकाच्या घरी कुर्ल्यांचे कालवण शिजते, दुसरा त्याला हात लावत नाही. गझालींनी नेमका असाच दाखला दिला आहे. घोरपडीसारखा एक वाळवंटी प्राणी शाफईंना चालतो, हनफींना चालत नाही. म्हणून हनफीने शाफईला अडवू नये. मदिनेचे इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांनी तर त्याआधीच मोठा मोह टाळला होता. त्यांचा ‘मुवत्ता’ हा ग्रंथ साऱ्या मुलखाला लागू करावा अशी इच्छा खलिफाने दर्शविली. कोणी खलिफा मन्सूरचे नाव घेतात, कोणी हारून रशीदचे. सहाबा देशोदेशी पसरले आणि प्रत्येक ठिकाणच्या लोकांपर्यंत त्यांचे ज्ञान पोहोचले आहे, तेव्हा लोकांना त्यांच्या रीतीवर राहू द्यावे, असे मालिक यांचे उत्तर होते. किती ग्रंथकारांना असा नकार देता आला असता?

पुढे ८३३ साली खलिफा मामूनने उलट वाट धरली. हा खलिफा विद्येचा मोठा आश्रयदाता. पण कुराण निर्मित आहे हे त्याचे मत काझींनी व हदीसच्या विद्वानांनी कबूल करावे, असा हुकूम त्याने बगदादला पाठविला. बहुतेकांनी मान तुकविली. इमाम अहमद बिन हंबल यांनी नकार दिला. त्यांना बेड्या घालून खलिफाकडे रवाना केले. ते पोहोचण्याआधीच मामून मरण पावला. त्याच्यामागून आलेल्या मोतसिमने त्यांना कैदेत ठेवून फटके मारविले. मुतवक्किल गादीवर आल्यावर (८४७) हे प्रकरण हळूहळू मिटले. ८५५ साली इमाम निवर्तले, तेव्हा त्यांच्या जनाजाला बगदाद लोटले होते.

याच इमामांचे नाव सांगणारे लोक शंभरएक वर्षांनी बगदादमध्ये प्रबळ झाले. त्यांचा पुढारी अल् बरबहारी. ३२३ हिजरीत (सुमारे ९३५) त्यांनी काय केले, ते इब्न अल् असीर या इतिहासकाराने नोंदविले आहे. ते लोकांच्या घरांत घुसत, नबीज सापडल्यास ओतून देत, गाणारणींना मारीत, वाद्ये फोडीत. रस्त्याने बाईमाणसासोबत जाणाऱ्याला, ही तुझी कोण, असे विचारीत. अखेर कोतवालाने दवंडी पिटविली की, बरबहारीच्या दोन अनुयायांनीसुद्धा एकत्र जमू नये. आणि खलिफा राजीने त्यांच्याविरुद्ध कडक फर्मान काढले. ज्यांच्या इमामाने खलिफाच्या सक्तीपुढे पाठीवर फटके झेलले, त्यांनाच सक्ती आवरा म्हणून खलिफाने सांगावे, अशी वेळ आली.

बरबहारी ९४१ साली लपूनछपून राहत असतानाच वारला. एका बाईने त्याला आपल्या घरात आसरा दिला होता आणि त्याचे दफनही त्याच घरात झाले, असे हंबली चरित्रकार सांगतात.