दारावरची थाप

माझी आत्या लोहियानगरात राहते. स्वारगेटला एसटीतून उतरायचं, रिक्षावाल्यांना चुकवत चालायला लागायचं, की पंधरा-वीस मिनिटांत तिची गल्ली. एक खोली, वर पोटमाळा, गल्लीच्या टोकाला सार्वजनिक संडास. २०२० च्या पावसाळ्यात करोना ऐन भरात असताना घरोघर तपासणी करणारी मंडळी तिच्या गल्लीत आली, तेव्हा आत्याने आतून कडी लावून घेतली. फोनवर मला म्हणाली, "दार उघडलं की घेऊन जातील." मी चिडलो. "आत्या, शिकल्यासवरल्या माणसांवर विश्वास ठेव, अडाणीपणा करू नकोस," असं काहीबाही बोललो.

त्या बोलण्याची लाज मला नंतर वाटली. पुण्याच्या प्लेगबद्दल वाचत गेलो तेव्हा.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. काही महिन्यांत साथ पुण्यात आली. त्याआधी दोनच वर्षं, १८९४ मध्ये, हाँगकाँगमध्ये यर्सिनने प्लेगचा जंतू शोधून काढला होता. म्हणजे रोग कशाने होतो हे माहीत होतं. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा पोचतो, हे मात्र माहीत नव्हतं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला आणि पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घरं तपासायला सुरुवात केली. रोगी हुडकायचा, इस्पितळात न्यायचा, घरातल्या बाकीच्यांना छावणीत ठेवायचं, सामान जाळायचं किंवा धुवायचं. देवघरापर्यंत बूट गेले, बायकांची तपासणी झाली, आणि त्या संतापातून २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. हा भाग आपल्याला शाळेपासून पाठ आहे.

शाळेत न सांगितलेला भाग वेगळा आहे. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कराचीत पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो. बराच काळ कुणी त्याचं ऐकलं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत लिस्टन आणि प्लेग संशोधन आयोगाने प्रयोग केले, तेव्हा कुठे ते सर्वमान्य झालं. लिस्टनची युक्ती साधी होती. प्लेग झालेल्या घरात गिनीपिग सोडायचे आणि त्यांच्या अंगावर कोणत्या पिसवा जमतात ते मोजायचं. त्या उंदरांच्या पिसवा निघाल्या.

आता १८९७ च्या झडतीकडे पुन्हा पाहा. सैनिक घरात शिरून माणसांच्या काखा-जांघा तपासत होते, आणि उत्तर त्याच घराच्या आढ्यात आणि जोत्याखाली होतं. उंदीर पटापट मरायला लागले की घर सोडायचं, हे गढवाल-कुमाऊँतल्या गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. लाथ मारून उघडलेल्या दारातल्या माणसाला "तुमच्याकडे उंदीर मेले का?" असं विचारायला कुणी थांबत नाही. विचारलं तरी तो खरं सांगत नाही.

इथे सैनिकांना मूर्ख ठरवायचा मोह मी आवरतो. प्लेग अफाट माणसं मारत होता, आणि फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून थेट पसरतोही. रोगी वेगळा ठेवण्यात चूक नव्हती. चूक पद्धतीत होती: धाकापायी लोक रोगी लपवू लागले, आणि लपवलेला रोगी कुठल्याच हिशोबात येत नाही.

त्याच वर्षी दुसरीही एक रीत पुण्यात दिसली. आत्याच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर गंज पेठेत फुलेवाडा आहे. सावित्रीबाई फुले डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांच्याकडे नवं शास्त्र नव्हतं, पण रोगी त्यांच्यापासून लपत नव्हते.

यानंतर चाळीस वर्षांनी पुण्यातली दारं पुन्हा वाजली, या वेळी अर्थशास्त्रासाठी. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे पुस्तकातल्या सिद्धांतापेक्षा रस्त्यावरच्या पाहणीवर भरवसा ठेवणारे. मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतल्या मोटारबस वाहतुकीची त्यांनी गोगटे यांच्यासह केलेली पाहणी १९३५ मध्ये छापून आली. एसटी तेव्हा जन्मायची होती. ती धावली १ जून १९४८ ला, नगरहून पुण्याला. त्या पाहणीनंतर गाडगीळांनी सबंध पुणे शहर घेतलं. माणसं घरोघर गेली. धंदा काय, मिळकत किती, राहायला जागा किती, असले प्रश्न. पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. मिळकत विचारणं हे काख तपासण्यापेक्षा कमी खासगी नाही. तरी लोकांनी सांगितलं, कारण सांगितल्यावर कुणी काही उचलून नेणार नव्हतं.

मग २०२०. जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुण्यात एक रक्तपाहणी झाली. विद्यापीठ, आयसर आणि इतर संस्थांनी साथीचा जोर असलेले पाच प्रभाग निवडले आणि १,६६४ लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडं शोधली. प्रतिपिंडं सापडली म्हणजे त्या माणसाला लागण होऊन गेली, मग त्याला कळलेलं असो वा नसो. ५१.५ टक्के लोकांत ती सापडली. लोहियानगर-कासेवाडीत सर्वाधिक, सुमारे ६५ टक्के. नोंदलेल्या रुग्णांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा होता.

मला थबकवलं ते दुसऱ्या आकड्यांनी. घरात स्वतंत्र संडास असलेल्यांत ४५.३ टक्के, सामायिक संडास वापरणाऱ्यांत ६२.३ टक्के. रक्ताच्या नळीबरोबर कुणीतरी घरातल्या संडासाचा प्रश्न विचारला होता. सूक्ष्मजीवशास्त्र आणि गाडगीळांचं अर्थशास्त्र एकाच अर्जावर आले होते. संडासामुळेच लागण झाली, असं यावरून सिद्ध होत नाही. जिथे संडास सामायिक, तिथे खोल्याही लहान आणि माणसं जास्त. पण रोग कुणाच्या वाट्याला जास्त येतो, हे जंतूइतकंच जागेच्या चौरस फुटांवर ठरतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

या आकड्यांचा गैरअर्थही झाला. निम्म्या लोकांना होऊन गेला, म्हणजे आता सुटलो, असं मीसुद्धा चहाच्या टपरीवर ऐकलं आणि मान डोलावली. पाहणी पाच निवडक प्रभागांची होती, साऱ्या पुण्याची नव्हती. आणि प्रतिपिंडं असणं म्हणजे कायमचं कवच नव्हे. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, तेव्हा तो हिशोब चुकल्याचं सगळ्यांना कळलं. निष्कर्ष नीट असून पुरत नाही, तो किती अंतरापर्यंत खरा आहे हेही बरोबर सांगावं लागतं.

मागच्या दिवाळीत आत्याकडे गेलो तेव्हा हे सगळं तिला सांगितलं. आधी त्या फोनबद्दल माफी मागितली. चकली पुढे करत ती म्हणाली, "संडासाची रांग आणि आजार हे कळायला रक्त कशाला काढायचं? मला विचारायचं होतं."

मी म्हटलं, "विचारायला आले होते. तू कडी लावलीस."

"त्यांनी काय विचारायचंय ते बाहेरून सांगितलं कुठे?" आत्या म्हणाली. "नुसती थाप मारली."

किती जणांना होऊन गेला हे आत्या सांगू शकली नसती; त्याला रक्तच लागतं. कुणाला आणि का, याचं निम्मं उत्तर तिच्याकडे होतं. परत जाताना मी त्या संडासाच्या रांगेपाशी जरा थांबलो. सकाळची सात वाजताची वेळ. सोळा माणसं मोजली आणि स्वारगेटची वाट धरली.