सिकंदर रोमवर चालून गेला असता तर

सामुराई भारी की युरोपातला नाइट, हा वाद आज हौसेने घातला जातो. पण ही खोड फार जुनी. रोमन इतिहासकार लिव्हीने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात चालू कथन थांबवून सिकंदराला इटलीत उतरवले आणि अपेक्षेप्रमाणे रोमला जिंकवले. गंमत म्हणजे त्याच भागाच्या आरंभी त्याने कॉडियमच्या खिंडीची नामुष्की सांगितली आहे. इ.स.पू. ३२१ साली, सिकंदराच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, इटलीतल्याच सॅम्नाइट लोकांनी कोंडलेली रोमन फौज भाल्यांच्या जोखडाखालून वाकून बाहेर पडली. अशी फौज सिकंदराला पहिल्याच लढाईत लोळवणार, हे पटत नाही.

शस्त्रांची तुलना ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने अधिक थंड डोक्याने केली. मॅसिडोनियन व्यूहातले भाले इतके लांब, की पहिल्या रांगेपुढे पाच रांगांची टोके येत. मोकळ्या अंतराने उभ्या राहणाऱ्या एकेका रोमन शिपायाच्या वाट्याला दहा. सपाट जमिनीवर या व्यूहापुढे कोणी टिकत नाही, असे तो साफ सांगतो. पण इ.स.पू. १९७ मध्ये सायनोसेफलीच्या टेकड्यांवर हाच व्यूह एका बाजूला सरशी करत असताना एका रोमन अधिकाऱ्याने वीस तुकड्या वळवून त्याच्या पाठीवर घातल्या. पाठमोऱ्या भालाइतांना वळताही आले नाही. यावर कोणी म्हणेल, तिथे मॅसिडोनियनांचा राजा पाचवा फिलिप होता, सिकंदर नव्हे. सिकंदराचा खरा घाव खाशांच्या घोडदळाचा. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच भाला विरुद्ध तलवार या हिशेबाने निकाल लागत नाही.

निकाल लागतो पराभवानंतर काय होते यावर. ग्रीक राजा पिऱ्हसने इ.स.पू. २८० आणि २७९ मध्ये रोमनांना हरवले, तरी ते तहाला आले नाहीत आणि २७५ साली त्यालाच इटली सोडावी लागली. हे केवळ मनुष्यबळामुळे म्हणावे, तर माणसे सिकंदराने जिंकलेल्या इराणकडेही अफाट होती, मग ते का कोसळले? कारण तिथे सारा डाव एका राजावर होता. गौगामेलाच्या लढाईत राजा दारियसने सिकंदरापुढे पाठ फिरवताच फौज उधळली. रोममध्ये दरसाल दोन नवे कॉन्सल निवडले जात, आणि तेच फौजेचे सेनापती असत. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या पराभवात त्यांतला एक मारला गेला, तरी रोमने तह मागितला नाही. सेनापती अनेक विरुद्ध सिकंदर एकटा, हा लिव्हीचा मुद्दा म्हणूनच त्याच्या देशाभिमानापेक्षा वजनदार ठरतो. पहिली लढाई सिकंदराची, लांबलेले युद्ध रोमचे; मात्र सॅम्नाइट त्याला जाऊन मिळाले असते, तर रोमही वाचले नसते.