टास्क मॅनेजरमधलं 'ऑडिओ डिव्हाइस ग्राफ आयसोलेशन' म्हणजे काय? आणि आवाज गेला तर आधी कुठे बघायचं?

लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागतो, तुम्ही टास्क मॅनेजर उघडता आणि यादीत वरच एक अनोळखी नाव दिसतं : 'विंडोज ऑडिओ डिव्हाइस ग्राफ आयसोलेशन'. गाणं तर एकच चालू आहे, मग हा कोण? व्हायरस असेल का? 'एंड टास्क' दाबून टाकू का?

थांबा, दाबू नका. "आवाज येत नाहीये, जरा बघ ना" म्हणून ओळखीच्यांचे लॅपटॉप माझ्याकडे येत असतात. त्यात मला एक गोष्ट वारंवार दिसते. मूळ बिघाड किरकोळ असतो, पण घाईत केलेले उपाय भारी पडलेले असतात. ऑनलाइन इंटरव्ह्यूला १० मिनिटं उरलेली असतात, आवाज येत नाही, मग कुठून तरी 'ड्रायव्हर अपडेटर' डाउनलोड होतो आणि आवाजासोबत लॅपटॉपही हातचा जातो. हे टाळायचं असेल तर आवाजाचा रस्ता एकदा समजून घ्यायला हवा.

ॲपपासून स्पीकरपर्यंतचा रस्ता

विंडोजमध्ये आवाज साधारण चार टप्प्यांतून जातो :

१. ॲप : ब्राउझर, गेम, व्हिडिओ कॉल. आवाज इथे तयार होतो.

२. विंडोजच्या दोन सर्व्हिसेस : 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' ही स्पीकर, हेडफोन, माइक अशी कोणकोणती साधनं जोडलेली आहेत याची यादी ठेवते. 'विंडोज ऑडिओ' ही कोणत्या ॲपचा आवाज कुठे आणि किती मोठा जाणार, हे सांभाळते. पहिली बंद पडली तर दुसरी चालत नाही.

३. ऑडिओ इंजिन : म्हणजेच आपलं ते अनोळखी नाव. फाइलचं नाव ऑडिओडीजी डॉट ईएक्सई. गणपती मंडळाच्या कार्यक्रमात मिक्सरवर बसलेला साउंडवाला आठवा. गायकाचा माइक, ढोलकी, निवेदक हे सगळं त्याच्याकडे येतं आणि तो एकत्र करून स्पीकरला पाठवतो. हे इंजिन तेच करतं. गाणं, नोटिफिकेशन आणि कॉल, सगळ्यांचे आवाज एकत्र करतं आणि त्यावर बेस बूस्ट, सराउंड, नॉइज सप्रेशन असे इफेक्ट लावतं.

४. ड्रायव्हर आणि हार्डवेअर : बहुतेक लॅपटॉपमध्ये रिअलटेकची ऑडिओ चिप असते. ड्रायव्हर तिच्याशी बोलतो आणि शेवटी स्पीकर वाजतो.

मग 'आयसोलेशन' कशासाठी?

विंडोज एक्सपीपर्यंत आवाज एकत्र करायचं काम कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात व्हायचं. तिथे काही बिघडलं की अख्खा कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बसायचा. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टात मायक्रोसॉफ्टने हे काम गाभ्यातून बाहेर काढलं आणि वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवलं. यामागे आणखी एक कारण आहे. इफेक्टचे तुकडे मायक्रोसॉफ्टचेच असतात असं नाही. लॅपटॉप किंवा ऑडिओ चिप बनवणाऱ्या कंपन्या आपापले इफेक्ट याच इंजिनात बसवतात. बाहेरचा कोड फसला तरी मुख्य सर्व्हिस आणि बाकीची विंडोज शाबूत राहावी, म्हणून ही वेगळी खोली.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही असंच झालंय. २०१५ मध्ये 'स्टेजफ्राइट' नावाच्या सुरक्षेच्या त्रुटी गाजल्या. त्यानंतर अँड्रॉइड ७ मध्ये गूगलने एका मोठ्या मीडिया प्रोसेसचे तुकडे केले आणि आवाजाचं काम स्वतंत्र प्रोसेसकडे दिलं. फोनवर ती आपल्याला दिसत नाही, विंडोजवर दिसते, एवढाच फरक.

खरी की खोटी, कसं ओळखायचं?

टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट क्लिक करा आणि 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. सी ड्राइव्हमधल्या 'विंडोज' फोल्डरच्या आतलं 'सिस्टम ३२' फोल्डर उघडलं, तर काळजीचं कारण नाही. फोल्डर 'डाउनलोड्स', 'टेम्प' किंवा 'ॲप डेटा'मधलं निघालं, किंवा नावात एखादं अक्षर जास्त-कमी असेल, तर ते सोंग समजा. अशा वेळी ती फाइल उघडू नका. 'विंडोज सिक्युरिटी'मधून 'फुल स्कॅन' चालवा.

बराच वेळ काहीच वाजत नसेल तर खरी प्रोसेस यादीतून गायब झालेली दिसू शकते. तेही नॉर्मलच आहे.

सीपीयू जास्त खातेय किंवा आवाज कडकड करतोय

आता थोडं गणित. हे इंजिन साधारणपणे दर १० मिलिसेकंदाला आवाजाचा एक तुकडा तयार करतं. डिव्हाइस ४८,००० हर्ट्झवर चालत असेल, तर दर तुकड्यात प्रत्येक चॅनेलचे ४८० नमुने. पुढचा तुकडा वेळेत आला नाही की मध्ये पोकळी पडते आणि आपल्याला 'कट्-कट्' ऐकू येतं. इफेक्ट जितके जड, तितकं काम जास्त आणि उशीर व्हायची शक्यताही जास्त.

एरवी ही प्रोसेस अगदी थोडा सीपीयू घेते. आकडा सतत १० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर मी सगळ्यात आधी इफेक्टवर संशय घेतो :

• विंडोज ११ : 'सेटिंग्ज', मग 'सिस्टम', मग 'साउंड'. तुमच्या स्पीकरवर क्लिक करा आणि 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' ऑफ करा.
• विंडोज १० : साउंड कंट्रोल पॅनेलमध्ये स्पीकरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जा. 'एन्हान्समेंट्स' टॅबवर सगळे इफेक्ट बंद करायचा पर्याय असतो. काही ड्रायव्हरमध्ये हा टॅब नसतो, तिथे लॅपटॉपसोबत आलेल्या ऑडिओ ॲपमध्ये बघा.

फरक पडला तर गुन्हेगार सापडला. नाही पडला तर चार्जर लावून आणि 'पॉवर मोड' वाढवून बघा. लॅपटॉप बॅटरी वाचवायच्या नादात हळू चालत असेल, तरीही तुकडे उशिरा पोचतात.

आवाजच येत नाही? हिरवी पट्टी बघा

ही युक्ती मला सगळ्यात उपयोगी वाटते, कारण एका नजरेत बिघाड रस्त्याच्या कोणत्या अर्ध्या भागात आहे ते कळतं. कीबोर्डवर विंडोज आणि 'आर' एकत्र दाबा. इंग्रजीत एम, एम, एस, वाय, एस, डॉट, सी, पी, एल अशी अक्षरं सलग टाइप करून एंटर मारा. जुना साउंड कंट्रोल पॅनेल उघडेल. 'प्लेबॅक' टॅबवर राहा, एखादं गाणं लावा आणि प्रत्येक डिव्हाइसशेजारची पट्टी बघा.

• तुमच्या स्पीकरची पट्टी हिरवी होऊन नाचतेय, पण ऐकू काही येत नाही : ॲप आणि इंजिन ठीक आहेत. बिघाड पुढे आहे, म्हणजे ड्रायव्हर, केबल किंवा स्पीकरमध्ये. यूएसबी किंवा ब्लूटूथ इअरफोन जोडून बघा. त्यात आवाज आला तर संशय लॅपटॉपच्या चिपवर, तिच्या ड्रायव्हरवर किंवा स्पीकर-केबलवर उरतो.
• दुसऱ्याच डिव्हाइसची पट्टी नाचतेय : आवाज तिकडे चाललाय. एचडीएमआयने मॉनिटर जोडला किंवा बाजूच्या खोलीतला ब्लूटूथ स्पीकर अजून जोडलेलाच असला, की हमखास असं होतं. हव्या त्या डिव्हाइसवर क्लिक करून 'सेट डिफॉल्ट' करा.
• कुठलीच पट्टी हलत नाही : बिघाड अलीकडे आहे. ब्राउझरचा टॅब म्यूट आहे का? व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्या ॲपचा आवाज शून्यावर आहे का? दोन्ही ठीक असेल तर स्टार्ट मेनूत 'सर्व्हिसेस' शोधून उघडा, 'विंडोज ऑडिओ'वर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' करा आणि मग ॲपही बंद करून पुन्हा उघडा.

ड्रायव्हर शेवटी. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स'खाली तुमच्या ऑडिओ डिव्हाइसच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जा. अपडेटनंतर आवाज गेला असेल आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' बटण चालू असेल, तर ते वापरा. नवा ड्रायव्हर हवा असेल तर विंडोज अपडेट किंवा तुमच्या लॅपटॉप कंपनीची अधिकृत साइट, एवढ्याच दोन जागा.

बिघाड वाटतो, पण नसतो

कॉल सुरू झाला की गाण्याचा आवाज एकदम खाली जातो? साउंड कंट्रोल पॅनेलच्या 'कम्युनिकेशन्स' टॅबवर विंडोजने बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचं आधीच ठरवलेलं असतं. 'डू नथिंग' निवडा, विषय संपला.

ब्लूटूथ हेडफोनवर मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो? माइक वापरायचा म्हटलं की नेहमीच्या ब्लूटूथला गाण्यांचा मोड सोडून कॉलच्या मोडवर जावं लागतं आणि तिथे आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झवरच जातो. मीटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा आणि ऐकायला हेडफोन, अशी निवड केली की बऱ्याचदा सुटका होते.

या तीन गोष्टी करू नका

१. ऑडिओडीजी फाइल डिलीट करू नका. नुसतं 'एंड टास्क' केलंत तर चालू आवाज तुटेल आणि विंडोज बहुधा ती प्रोसेस पुन्हा सुरू करेल. म्हणजे मिळवलं काहीच नाही.

२. 'तुमचे १४ ड्रायव्हर जुने आहेत' असं घाबरवणारी ॲप्स घेऊ नका. आवाजाच्या एका बिघाडासाठी अनोळखी सॉफ्टवेअरला ॲडमिन परवानगी देणं, म्हणजे दाराची कडी दुरुस्त करायला आलेल्याला घराच्या सगळ्या किल्ल्या देणं.

३. इंटरव्ह्यू किंवा तोंडी परीक्षेच्या तोंडावर ड्रायव्हरला हात लावू नका. त्या १० मिनिटांत फक्त डिव्हाइस, म्यूट आणि सर्व्हिस एवढंच तपासा. तरी जमलं नाही तर फोनवरून जॉइन व्हा. ड्रायव्हर संध्याकाळी निवांत बघता येईल.

साउंडवाला नवखा असो की मुरलेला, स्पीकर वाजेना की तो आधी वायर कुठे सुटलीय ते बघतो, लगेच मिक्सर उचलून फेकून देत नाही. लॅपटॉपलाही तोच नियम लावा.