धर्मादाय खाट कोणाची?

शहापूर-मुरबाडकडचा माणूस आजारी पडला, की प्रथम गावाजवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. तिथे भागले नाही, तर शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय नाहीतर मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय. तिथून चिठ्ठी मिळते ती उल्हासनगरची, ठाण्याची किंवा कळव्याची. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात १८ रुग्ण दगावले. तेव्हापासून ते नाव काढले की म्हातारी माणसे गप्प होतात. या वाटेवर ज्याचा धीर सुटतो तो मध्येच एखाद्या खासगी दवाखान्यात शिरतो. आणि ज्याच्या घरात कोणी चार बुके शिकलेले असते, तो मुंबईच्या ट्रस्ट रुग्णालयाचे नाव काढतो. ‘ट्रस्टचं आहे, तिथं फुकट होईल,’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते कुठून आले आणि कितपत खरे आहे, हे मला तपासायचे आहे.

आधी ‘धर्मादाय’ हा शब्दच पाहू. पूर्वी बाजारपेठेत शेतकरी धान्य घेऊन आला, की त्याच्या पट्टीतून अडत, तोलाई, हमाली यांच्याबरोबर ‘धर्मादाय’ म्हणूनही काही कापले जाई. पैसा शेतकऱ्याचा, कापणारा व्यापारी आणि पुण्यही व्यापाऱ्याच्याच खाती. त्या पैशाचे देऊळ बांधायचे, धर्मशाळा काढायची की पांजरपोळ चालवायचा, हे ज्याने कापले तोच ठरवी. मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना १८३४ ची, तर जे. जे. रुग्णालय सुरू झाले १८४५ साली. दोहोंमागे जमशेटजी जीजीभाई होते. मुक्या जनावरांची सोय माणसांच्या अकरा वर्षे आधी झाली, याबद्दल मी जमशेटजींना दोष देत नाही. अफूच्या व्यापारातून आलेल्या संपत्तीतला मोठा वाटा त्यांनी लोकांसाठी खर्च केला, हे खरेच आहे. पण जे. जे. आज कष्टकऱ्यांचे वाटते, ते देणगीदाराच्या नावामुळे नव्हे. ते सरकारने चालवले, म्हणून तिथे खाटेवर आपला हक्क सांगता येतो.

पुढे मुंबईत पारशी, भाटिया अशा समाजांच्या नावांची रुग्णालये उभी राहिली. ज्या जातीत व्यापारी होते, तिच्या नावाचे रुग्णालय निघाले. आपली माणसे गिरणीत, गोदीत, रेल्वेत, सफाई खात्यात. ट्रस्ट करायला आधी शिल्लक लागते. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती शिक्षणासाठी. रुग्णालय काढण्याइतके भांडवल या समाजापाशी नव्हते.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत एक मांडणी असते. केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली ती केली. रुग्णाला औषधोपचारातले काही कळत नसते, त्यामुळे त्याला डॉक्टरवर विश्वास टाकावा लागतो. नफ्याचा वास आला की तो विश्वास उडतो, म्हणून रुग्णालये नफा न घेणारी असतात. मांडणी चांगली आहे. पण आपल्या इतिहासाला ती पुरी पडत नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. ती १९२९ साली ‘यंग इंडिया’त त्याच्याच पत्रातून छापून आली होती. बाळंतीण बायको आजारी पडली. गावच्या बड्या माणसांनी दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा डॉक्टर आला. पण वस्तीत शिरला नाही, बाईलाच वस्तीबाहेर आणवले. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि तो परत त्याच वाटेने आला. डॉक्टरने निमोनिया सांगितला. बाई वाचली नाही. बाजाराला जात दिसत नाही, पैसा दिसतो, असे आजही प्राध्यापकांच्या खोलीत ऐकू येते. इथे पैसा होता. तरी स्पर्श विकत मिळाला नाही.

याच्या उलट चित्रही आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी पुण्याजवळ डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रुग्ण आणले. मुंढव्याच्या महार वस्तीतल्या एका मुलाला त्या स्वतः उचलून घेऊन आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. रुग्ण कोण आहे हे त्या दवाखान्यात आधी विचारले गेले नाही.

मग फरक पडतो कशाने? याचे उत्तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्यात सापडते. तिथे १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने रुग्णालयांना बांधकामासाठी सरकारी पैसा मिळाला. ‘वेगळे पण समान’ या सवलतीमुळे तो गोऱ्यांपुरत्या रुग्णालयांनाही मिळाला. ती बहुतेक नफा न घेणारी, देणगीवर उभी राहिलेली रुग्णालये होती. नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरोचे कृष्णवर्णीय दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. सरकारचा पैसा घेता, तर आमच्या माणसाला दार बंद करता येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद १९६३ साली वरिष्ठ न्यायालयाने मान्य केला. १९६६ साली मेडिकेअर ही वृद्धांची सरकारी विमा योजना आली. भेदभाव बंद करा, नाहीतर योजनेचा पैसा नाही, अशी अट घातल्यावर शंभर वर्षांच्या उपदेशाने जे झाले नव्हते ते काही महिन्यांत झाले.

आपल्याकडे अट घालायला उशीर झाला, आणि घातल्यावरही ती कागदावर राहिली. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. त्याच्या नवव्या कलमात धर्मादाय हेतू मोजले आहेत. त्यात गरिबी व हालअपेष्टांचे निवारण हा एक हेतू आणि वैद्यकीय मदत हा त्याहून वेगळा, स्वतंत्र हेतू. कार्यकर्त्यांनी हे कलम नीट वाचावे. श्रीमंताचे पित्ताशय काढणे हेही त्यात बसते. नफा वाटून घ्यायला मनाई आहे. पण पगार, डॉक्टरांचा वाटा, नवी इमारत आणि नवी यंत्रे यांवर खर्च करायला नाही. कंपनी जिला नफा म्हणते, तिला ट्रस्ट शिल्लक म्हणतो. १९८३ साली मद्रासला अपोलो निघाले, तेव्हा निदान पाटी तरी खरी होती.

१९८८ साली केंद्र सरकारने परदेशी यंत्रांवरचे आयात शुल्क रुग्णालयांना माफ केले. अट अशी, की बाह्यरुग्णांपैकी ४० टक्के फुकट तपासायचे आणि महिना ५०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी १० टक्के खाटा राखायच्या. ही सवलत १९९४ मध्ये गेली, यंत्रे राहिली. महाराष्ट्राने ऐंशीच्या दशकातच विश्वस्त कायद्यात ४१ अअ हे कलम घातले होते. ते जागे व्हायला २००४ ची जनहित याचिका लागली. मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ रोजी योजना ठरवून दिली: १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, रुग्णालयाच्या एकूण बिलाच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत, आणि तातडीच्या रुग्णाकडून अनामत घ्यायची नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीच्या नातेवाइकांकडे १० लाख मागितल्याच्या आरोपावरून गदारोळ झाला. त्यानंतर त्या रुग्णालयाने जाहीर केले, की तातडीच्या विभागात यापुढे अनामत घेणार नाही. जे एकोणीस वर्षे बंधनकारक होते, ते औदार्य म्हणून जाहीर झाले.

आता आमच्याकडचे. काही वर्षांपूर्वी माझा मामा कौले शाकारताना पडला आणि त्याचे खुब्याचे हाड मोडले. शहापुरात एका खासगी डॉक्टरकडे नेले. खाली दवाखाना, वर घर; डॉक्टर, त्यांची बायको आणि दोन मुली कामाला. हा नफ्याचा धंदा आहे, आणि ते तो लपवत नाहीत. पण त्यांनी पाय वजनाला बांधला, होते तेवढे पैसे घेतले, बाकीचे ‘भात विकल्यावर’ म्हणाले आणि ऑपरेशन मुंबईला करा असे सांगितले. त्यांना मामाच्या गावातून रोज रुग्ण येतो. उद्या तोंड दाखवायचे आहे. मुंबईच्या ट्रस्ट रुग्णालयात आम्हाला तोंड नव्हते. काउंटरवरच्या मुलीने अनामत सांगितली. मी निर्धन खाटेचे विचारले तेव्हा ‘भरल्या आहेत’ असे उत्तर आले. योजनेची पाटी होती, पाण्याच्या फिल्टरमागे. समाजसेविकेने आधी आडनाव विचारले, मग गाव, मग तहसीलदाराचा दाखला. दाखल्यासाठी मी शहापूरला परत आलो. त्या कचेरीत दोन कातकरी बायका शिधापत्रिकेसाठी बसल्या होत्या. ज्यांच्याकडे शिधापत्रिकाच नाही, त्यांनी निर्धन असल्याचे सिद्ध कसे करायचे?

महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या सरकारी जनआरोग्य योजनेत तर ट्रस्ट आणि कंपनी एकाच यादीत असतात आणि दोघांनाही ठरलेल्या दराने पैसे मिळतात. तिथे मालकी विचारून उपयोग नाही. किती रुग्ण परत पाठवले, हे विचारावे लागते. ट्रस्टला मात्र आणखी एक प्रश्न टाकता येतो, जो कंपनीला टाकता येत नाही: २ टक्क्यांचा हिशेब कुठे आहे? कंपनीचा नफा भागधारकांचा असतो. ट्रस्टने माफ करून घेतलेला कर, सवलतीत घेतलेली जमीन ही सगळ्यांची असते, आणि त्या सगळ्यांत १८९२ पासून तानसा धरणाचे पाणी मुंबईला देणारा शहापूर तालुकाही येतो.

तिसऱ्या दिवशी खाट मिळाली. डॉक्टरांनी ऑपरेशन उत्तम केले, परिचारिकांनी काही कमी केले नाही. सुटीच्या कागदावर बिल शून्य होते आणि कोपऱ्यात निळा शिक्का. काय लिहिलंय, असे मामाने विचारले. ‘निर्धन,’ मी म्हणालो.

‘अरे, पण घर आहे ना माझं,’ तो म्हणाला. मग त्याने कागदाची घडी केली आणि ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.