कुला म्हणजे वाघ

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत आम्ही पहिलीच्या मुलांना चित्रांचे पुस्तक दाखवीत होतो. वाघाचे चित्र येताच मागच्या रांगेतील एक कोरकू मुलगा आनंदाने ओरडला, "कुला!" वर्गात हशा पिकला; कारण त्याच उच्चाराचा मराठी शब्द चारचौघांत कोणी उच्चारीत नाही. आम्हालाही हसू आवरले नाही. "वाघ म्हण, बाळा," असे सांगून आम्ही पान उलटले. त्यानंतर वर्षभर तो मुलगा वर्गात आपणहून बोलला नाही. कोरकू भाषेत वाघाला ‘कुला’ म्हणतात, हे आम्हाला पुढे त्याच्या आजीकडून कळले. मुलाचे उत्तर अचूक होते. अज्ञान आमचे होते.

त्या चुकीने आम्हाला इतिहासाकडे वळविले. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात रायतूर येथे छापले गेले, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे. त्याची भाषा ग्रंथांची मराठी. परंतु धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे लिहिताना याच फादरांनी तेथील घराघरांत बोलली जाणारी कोंकणी निवडली. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथाची भाषा एक आणि शिकणाऱ्याच्या तोंडची भाषा दुसरी असू शकते, हे त्या इंग्रज धर्मगुरूने ओळखले होते. तीनशेहून अधिक वर्षांनंतर आम्ही मात्र ते विसरलो.

मराठीत मुलांसाठी पुस्तके निघाली ती पुष्कळ नंतर. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ साली आले; मूळ लेखक फ्रेंच होता. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ व १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ ही मासिके सुरू केली. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली आणि कोकणातील एक गरीब घर साऱ्या महाराष्ट्राचे झाले. या सर्वांचे ऋण आपल्यावर आहे. तथापि धारणी-चिखलदऱ्याच्या किंवा अकोट-तेल्हाऱ्याकडील डोंगराळ भागातील कोरकू मुलाला त्यांतील घर परके आणि भाषाही परकी. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील, संथाळीच्या नात्यातील भाषा आहे.

या भाषेकडे कोणी पाहिलेच नाही, असे मात्र नाही. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने लिहिलेले कोरकूचे व्याकरण १९०३ साली कलकत्त्याला छापले गेले. पण ते इंग्रजीत, मोठ्या माणसांनी भाषा शिकावी म्हणून लिहिलेले. १९५६ साली संविधानात आलेल्या कलम ३५०-क ने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले. व्याकरण झाले, कलम झाले. मुलाच्या हाती द्यावयाचे गोष्टीचे पुस्तक मागेच राहिले.

ही उणीव केवळ वऱ्हाडची नाही. अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली तेथील बालपुस्तकांत कृष्णवर्णीय मुले जवळजवळ दिसतच नाहीत, हे दाखवून दिले. १९९० साली रुडीन सिम्स बिशप या विदुषीने म्हटले की, पुस्तक मुलासाठी आरसाही असावे आणि खिडकीही. आम्हाला हा विचार मोलाचा वाटतो. कोरकू मुलाला आरसा हवा. पण त्याला हसणाऱ्या मुलांना खिडकी त्याहून अधिक हवी होती, आणि आम्हालाही.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना काही पुस्तके सुचवितो. लहानग्यांसाठी माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ घ्यावे; घरातील माणसे त्यात चित्रांतून भेटतात. थोड्या मोठ्यांसाठी तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ मराठीत उपलब्ध आहे. एका शाळेने नाकारलेली मुलगी दुसऱ्या शाळेत कशी फुलते आणि पोलिओ झालेल्या मित्राला झाडावर कशी चढविते, हे वाचताना आई-बापांचेही डोळे ओलावतात. गोंड चित्रकार भज्जू श्याम यांच्या पुस्तकांतील चित्रे तर मजकूर न वाचताही पाहत बसावीत अशी आहेत. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर कोरकू भाषेतील चित्रकथाही आहेत. त्या विनामूल्य वाचता येतात व छापून घेता येतात.

आपल्याकडे प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुलांना भेटी देण्याची रीत आहे. त्या भेटींत एक पुस्तक असावे, आणि ते वाचून झाल्यावर चर्चच्या कपाटात इतरांसाठी ठेवावे, अशी आमची विनंती आहे. ज्यांच्या घरी आजी-आजोबा कोरकू किंवा गोंडी बोलतात, त्यांनी त्यांच्या गोष्टी वहीत उतरवून आणाव्यात. चित्रे आपली मुले काढतील.

तो मुलगा आज स्वतः बाप झाला आहे. गेल्या नाताळात तो मुलीला घेऊन आला, तेव्हा आम्ही तिच्यापुढे वाघाचे चित्र धरले आणि "कुला" म्हटले. ती हसली, मग तिने आमचा उच्चार सुधारून दिला.