पश्चिम भारतातील अभियांत्रिकी शिक्षण : प्रवेश, अध्यापन आणि समावेशन – एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

अभियांत्रिकी शिक्षणाच्या गुणवत्तेची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने अभ्यासक्रम, प्रयोगशाळा आणि रोजगार या तीन अंगांनी होते. समावेशनाची चर्चा मात्र आरक्षण व शुल्क यांच्यापाशीच थांबते. परिणामी अध्यापनाची सुधारणा आणि वंचितांचा समावेश हे दोन स्वतंत्र विषय आहेत, असा समज दृढ झाला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. इतिहास विषयाचे अध्यापन करताना बी.ए.च्या वर्गात अधूनमधून असा एखादा विद्यार्थी भेटतो की जो अभियांत्रिकीचे पहिले वर्ष अर्धवट सोडून आलेला असतो. त्याला प्रवेश मिळालेला होता, शिष्यवृत्तीही मंजूर झालेली होती. 'सर, वर्गात काय चालले आहे तेच कळत नव्हते,' एवढेच त्याचे सांगणे असते. प्रवेशाचे दार उघडे असूनही हा विद्यार्थी बाहेर का पडला, या प्रश्नाचा मागोवा पश्चिम भारताच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

१. मराठीतून अभियांत्रिकी : एक विस्मृत प्रारंभ

आपल्याकडील अभियांत्रिकी शिक्षणाचा इतिहास सामान्यतः १८५४ पासून सांगितला जातो. तथापि त्यापूर्वी सुमारे तीस वर्षे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, मुंबईत इंजिनिअर इन्स्टिट्यूशन ही संस्था सुरू झाली होती. तिचे प्रमुख कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस होते. सर्वेक्षण व सार्वजनिक बांधकामासाठी साहाय्यक तयार करणे हा संस्थेचा मर्यादित हेतू होता. मात्र तेथील देशी विद्यार्थ्यांना गणित, भूमिती व मोजणी हे विषय मराठी आणि गुजरातीतून शिकविले जात. त्यासाठी जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने हटन यांच्या गणितविषयक ग्रंथांची मराठी भाषांतरे सिद्ध केली. पाठ्यपुस्तक आधी आणि विद्यार्थ्याकडून अपेक्षा नंतर, हा क्रम येथे पाळला गेला, ही बाब अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

ही संस्था अल्पायुषी ठरली. १८४४ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत अभियांत्रिकीचे अध्यापन नव्याने सुरू झाले, त्यासाठी विल्यम पोल यांची इंग्लंडहून प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पण तोवर वारे बदलले होते. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये माध्यमाचा सुप्रसिद्ध वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी उच्च शिक्षणासाठी इंग्रजीचे पुरस्कर्ते होते, तर जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट प्रभृती सभासद देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. हा वाद केवळ भाषाभिमानाचा नव्हता. शिक्षण थोड्यांना उत्तम द्यावे की अनेकांना समजेल असे द्यावे, असा त्याचा गाभा होता. व्यवहारात उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजीच ठरली आणि जर्व्हिस यांचा प्रयोग विस्मृतीत गेला.

२. पदवी आणि उतरंड

१८५४ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल सुरू झाले. पूल, कालवे, इमारती यांच्या कामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा त्यामागील उद्देश होता. पुढे ही संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली. १८८० मध्ये तिला कॉलेज ऑफ सायन्स व १९११ मध्ये कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग असे नाव मिळाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १८८३ मध्ये येथूनच अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण केली. बेताच्या परिस्थितीतील या विद्यार्थ्याचे पुण्यातील शिक्षण म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीमुळे शक्य झाले, हे विसरता येत नाही.

तथापि या व्यवस्थेला दोन कुंपणे होती. पहिले कुंपण वरच्या बाजूचे होते. वरिष्ठ जागांसाठी अभियंते घडविण्याकरिता इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथे १८७१ मध्ये स्वतंत्र महाविद्यालय काढण्यात आले व ते १९०६ पर्यंत चालले. दुसरे कुंपण खालच्या बाजूचे होते आणि त्याची चर्चा तुलनेने कमी झाली आहे. सुतार, लोहार, गवंडी, पाथरवट, तांबट या समाजांकडे वस्तू घडविण्याचे पिढीजात ज्ञान होते. परंतु पदवीच्या वर्गात शिरण्यासाठी इंग्रजी शिक्षण आवश्यक होते आणि ते प्रामुख्याने लेखनवाचनाची परंपरा असलेल्या जातींच्या हाती होते. परिणामतः ज्यांचे हात लोखंडाला सरावलेले होते ते कारखान्यात कारागीर म्हणून राहिले आणि ज्यांच्या घरात हातोडा नव्हता ते अभियंते झाले. हाताचे काम कनिष्ठ व कागदावरचे काम श्रेष्ठ ही आपल्या समाजातील जुनी उतरंड नव्या शिक्षणाने मोडली नाही, तिला पदवीचे अधिष्ठान मात्र दिले.

३. कलाभवन : पर्यायी वाट

या पार्श्वभूमीवर बडोद्याचे कलाभवन विशेष उल्लेखनीय ठरते. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये ते स्थापन झाले. त्याचे प्रवर्तक प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते व सुतार ज्ञातीतून आलेले होते. तांत्रिक शिक्षण देशी भाषांतून दिल्याखेरीज ते कारागिरांपर्यंत पोचणार नाही, ही त्यांची धारणा होती. म्हणून देशी भाषांत तांत्रिक ग्रंथ व परिभाषा तयार करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या, स्थापत्य अशा विषयांत सिद्धांत आणि हस्तकौशल्य यांची सांगड घालण्याचा तेथे प्रयत्न झाला. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हेही कलाभवनाचे विद्यार्थी होते. जर्व्हिस यांनी भाषेचा प्रश्न सोडविला होता, परंतु हेतू दुय्यम नोकरवर्ग घडविण्याचाच होता. गज्जर यांनी भाषेचा आणि कारागिराच्या प्रतिष्ठेचा प्रश्न एकत्र हाताळला. हाच या दोन प्रयोगांतील मूलभूत फरक होय.

४. हक्काचा प्रश्न : दलित व स्त्रिया

विसाव्या शतकात समावेशनाच्या प्रश्नाला हक्काची भाषा लाभली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर असताना १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांविषयीचे निवेदन सरकारला सादर केले. विज्ञान व तंत्रविद्येचे उच्च शिक्षण या वर्गाच्या आर्थिक आवाक्याबाहेर आहे, सबब त्यासाठी व परदेशातील शिक्षणासाठी शासनाने साहाय्य करावे, अशी मागणी त्यात होती. तांत्रिक ज्ञान हे सत्तेचे साधन आहे, ही जाणीव त्यामागे होती. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मद्रास प्रांतातील प्रवेशांविषयीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. त्यातील एक अर्ज वैद्यकीय, तर दुसरा अभियांत्रिकी प्रवेशाशी संबंधित होता. त्यानंतर पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) अस्तित्वात आले. भारतीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी आरक्षण मात्र १९७३ मध्ये लागू झाले. मुंबईची संस्था १९५८ मध्ये सुरू झाली होती, हे लक्षात घेता हा विलंब बोलका आहे.

स्त्रियांचा प्रवेशही असाच उशिरा झाला. मद्रासजवळील गिंडी महाविद्यालयातून ए. ललिता १९४३ मध्ये विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या. बालविधवा व एका मुलीची आई असलेल्या या स्त्रीला विशेष परवानगीने प्रवेश मिळाला होता. मुंबईत व्हीजेटीआयमधून शकुंतला भगत १९५३ मध्ये स्थापत्य अभियंता झाल्या व पुढे त्यांनी पूलबांधणीत स्वतःची पद्धती विकसित केली. परंतु अपवाद म्हणजे परंपरा नव्हे. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, तेव्हा या प्रश्नाला संस्थात्मक उत्तर मिळाले.

५. विस्तार आणि अध्यापनाची उपेक्षा

वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. शहरांपुरते मर्यादित असलेले हे शिक्षण तालुक्याच्या गावापर्यंत गेले, ही या धोरणाची जमेची बाजू. शुल्काच्या रूपाने नवे कुंपण उभे राहिले, ही दुसरी बाजू. पुढे न्यायालयीन निर्णय, शुल्क नियमन, शिष्यवृत्त्या आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना दिलेली शुल्कमाफी, असा हे कुंपण सैल करण्याचा प्रवास झाला.

या सर्व उपायांचा रोख मात्र प्रवेशावर राहिला. दहावी-बारावीपर्यंत मराठीत शिकलेला, घरातील पहिलाच पदवीचा विद्यार्थी पहिल्या वर्षी इंग्रजी व्याख्यान, अनोळखी परिभाषा आणि अभियांत्रिकी आलेखन यांना एकाच वेळी सामोरा जातो. वर्गातील अध्यापन मात्र त्याला हे सर्व अवगत आहे असे गृहीत धरून चालते. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि 'अध्ययन-निष्पत्ती' हा शब्द सर्वत्र रूढ झाला. त्यामागील विचार योग्यच आहे. विद्यार्थ्याला काय शिकविले यापेक्षा त्याला काय आले हे महत्त्वाचे, असे तो सांगतो. परंतु तो तक्ते भरण्यापुरता उरला, तर मागे पडलेला विद्यार्थी त्या तक्त्यात केवळ एक टक्केवारी होऊन राहतो.

२०२१-२२ मध्ये आठ राज्यांतील चौदा महाविद्यालयांत मराठीसह पाच भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू करण्याची घोषणा झाली, तेव्हा ते अभूतपूर्व पाऊल म्हणून गौरविले गेले. वस्तुतः ते जर्व्हिस व गज्जर यांच्या मार्गावरचे पुनरागमन होते. त्यांचा अनुभव एवढेच सांगतो की भाषांतरित ग्रंथ, स्थिर परिभाषा आणि त्या भाषेत शिकवू शकणारा शिक्षक यांवाचून माध्यमबदल तग धरत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. एक, समावेशनाचे जे प्रयोग अर्थपूर्ण ठरले, त्यांत विद्यार्थ्याला बदलण्याआधी अध्यापन बदलले गेले. दोन, कर्मशाळेला दुय्यम लेखणारा अभ्यासक्रम हा जुन्या जातिव्यवस्थेचाच वारसा आहे. कारागीर कुटुंबातील विद्यार्थ्याचे ज्ञान वर्गात प्रतिष्ठेने आले, तर त्याचा लाभ सर्वांनाच होईल. तीन, महाविद्यालयांनी किती विद्यार्थी आले याबरोबरच पहिल्या वर्षानंतर कोण गेले, ते कोणत्या भाषेतून, कोणत्या गावातून व कोणत्या सामाजिक थरातून आले होते, याची नोंद ठेवून तिच्यावर अध्यापकांच्या बैठकीत विचार केला पाहिजे. द्विभाषिक टिपणे, पहिल्या सत्रातील परिभाषेचे वर्ग आणि शंका मराठीत विचारण्याची मोकळीक यांसाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

बी.ए.च्या वर्गात येऊन बसलेला तो विद्यार्थी इतिहासात उत्तम गुण मिळवतो. त्याचे आम्हाला समाधानच आहे. परंतु त्याला यंत्रे आवडत होती.