उसनी नस

एका नसेचं काम दुसरीकडून करून घेण्याचा पहिला गाजलेला प्रयोग झाला तो कोंबड्यावर. १८२८ मध्ये फ्रान्सच्या फ्लुराँ या शास्त्रज्ञाने कोंबड्याच्या पंखातल्या दोन नसा कापून उलटसुलट जोडल्या. कालांतराने पंख पुन्हा हलू लागला.

माणसाच्या बाबतीत सर्जन आधी वळले ते खांद्यापाशी नसा उपटल्या गेलेल्या रुग्णांकडे. १९९४ मध्ये ओबेर्लँ यांनी पंज्याकडे जाणाऱ्या चांगल्या नसेतले मोजकेच धागे सोडवून दंडाच्या स्नायूकडे वळवले. कोपर वाकू लागलं, आणि पंज्याचंही फारसं काही बिघडलं नाही.

मानेत मज्जारज्जू दुखावलेल्यांना मात्र या विद्येचा लाभ फार उशिरा मिळाला. बिघाड मानेत असताना हाताच्या नसांना हात लावून काय होणार, अशी समजूत असावी. पोलंडच्या किव्हेर्स्की यांनी १९८२ मध्येच अशा रुग्णांवरचे आपले प्रयत्न छापले होते, तरी बरीच वर्षं भर राहिला तो चालत्या स्नायूची कंडरा दुसरीकडे बांधण्यावर.

खरं तर जखमेच्या खालच्या बऱ्याच नसा जिवंत असतात. त्यांना फक्त मेंदूचा हुकूम पोचत नाही. शस्त्रक्रियेत अशा नसेला विजेचा हलका झटका दिला की वर्षभर निपचित पडलेली बोटं टेबलावर चटकन उघडतात. मग हुकूम पोचवणारी नस शेजारून उसनी घ्यायची. ब्राझीलच्या बेर्तेली यांनी त्यासाठी तळहात उताणा करणाऱ्या छोट्या स्नायूची नस निवडली. निवड मोठी हुशारीची, कारण ते काम दंडाचा मोठा स्नायूही करतोच. ही नस बोटं उघडणाऱ्या नसेला सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने शिवतात. नवे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकतात, म्हणून महिनोन्महिने वाट पाहणं आलंच. पुढे हालचाल दिसू लागली की रुग्णाने मनात आणायचं ‘तळहात उताणा’, आणि उघडायची बोटं! सरावाने हा द्राविडी प्राणायाम सुटतो.

मेलबर्नच्या नताशा व्हॅन झाइल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १६ जणांवर केलेल्या अशा ५९ जोडण्यांचा अहवाल दिला. काही जोडण्या फसल्या, तेही त्यांनी नोंदवलं. कंडरेची जुनी पद्धतही त्यांनी टाकली नाही: पकडीला जोर तिचा जास्त, हात मोकळा उघडायला नस बरी. काहींच्या एका हातात ही, तर दुसऱ्यात ती.